मेइ लानफांग यांची मिशी : न गाण्याचा हिशोब

१९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँगमधल्या ब्रिटिशांनी जपानी सैन्यापुढे शरणागती पत्करली. त्याच सुमाराला त्या शहरात राहणाऱ्या ४७ वर्षांच्या एका चिनी नटाने वरच्या ओठावर वस्तरा फिरवणे बंद केले. एरवी पुरुषाने मिशी राखली यात सांगण्यासारखे काही नाही. पण मेइ लानफांग हे स्त्रीपार्टी नट होते, बीजिंगच्या संगीत रंगभूमीवरचे, म्हणजे जिंग्जूमधले, त्यांच्या काळातले सर्वांत मोठे. मद्यधुंद राणी, अप्सरा, हरलेल्या राजाची प्रेयसी, वेडाचे सोंग घेणारी प्रधानकन्या अशा भूमिकांवर त्यांची सारी कीर्ती उभी होती. त्यांची मिशी म्हणजे दुकानाला लावलेले कुलूप होते, आणि तेही रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी.

ही गोष्ट चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बहुतेक वेळा ती एका वाक्यात उरकते: युद्धाच्या आठ वर्षांत मेइंनी मिशी राखली आणि जपान्यांसाठी गाण्यास नकार दिला. वाक्य चुकीचे नाही, पण ढोबळ आहे. मिशी पावणेचार वर्षे होती. सार्वजनिक प्रयोग मात्र त्याआधीच, १९३८ च्या वसंतातल्या हाँगकाँगच्या हंगामानंतर थांबले होते, ते १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सुमारे साडेसात वर्षे, आणि त्यांचे दोन वेगळे टप्पे. पहिल्या टप्प्यात मेइ नुसते बाजूला झाले होते. दुसऱ्यात त्यांना तोंडावर नकार द्यावा लागला. या दोन टप्प्यांत त्यांनी काय केले, ते त्यांना का परवडले आणि त्याची किंमत नेमकी कुठे चुकवावी लागली, एवढ्यापुरताच हा अभ्यास आहे.

मराठी नाट्यरसिकाला हे प्रकरण थोडे उलट्या बाजूने वाचावे लागते. स्त्रीपार्टी नटाच्या त्यागाची आपल्या मनावर कोरलेली गोष्ट आहे ती १९११ ची: ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. प्रयोग थांबू न देण्यात आपण मोठेपण पाहिले. मेइंचे मोठेपण प्रयोग न करण्यात पाहिले जाते.

घराणे होते, गळा कमवावा लागला

मेइंचा जन्म २२ ऑक्टोबर १८९४ चा, बीजिंगमधल्या नटांच्या घरातला. आजोबा मेइ छ्याओलिंग स्वतः स्त्रीभूमिका करत आणि एक नामांकित मंडळी चालवत. वडील ऐन तारुण्यात गेले, पुढे आईही गेली. पोरक्या मुलाला काकांनी वाढवले. हे काका, मेइ यूथ्यान, हुछिन या दोन तारांच्या, गजाने वाजवायच्या वाद्याचे नामी वादक. त्या काळचे सर्वश्रेष्ठ गायकनट थान शिनफेइ यांची साथ ते करत.

इतके असूनही मुलगा काही उपजत चमकणारा नव्हता. पापण्या जड, नजर अधू, पाठांतर मंद. याचे या धंद्यात पोट भरायचे नाही, असे म्हणून पहिल्या शिक्षकाने नाद सोडला, ही हकीकत मोठेपणी मेइंनी स्वतःच सांगितली आहे. नजरेतला जडपणा घालवायला त्यांनी कबुतरे पाळली. आकाशात उंच उडणाऱ्या थव्यातली आपली कोणती आणि परकी कोणती हे ओळखत डोळे फिरते ठेवायचे, हा त्यांचा व्यायाम. स्त्रीच्या बांधलेल्या पावलांची चाल यावी म्हणून लाकडी टाचा बांधून विटेवर उभे राहायचे, उदबत्ती जळून संपेपर्यंत. हिवाळ्यात तेच बर्फावर. साठीतही मद्यधुंद राणीचा पाठीमागे वाकत जाणारा तोल आपल्याला साधतो, तो बालपणीच्या या छळामुळे, असे ते म्हणत. १९०४ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, ते पहिल्यांदा रंगमंचावर आले.

हा तपशील मुद्दाम दिला. जिंग्जूमधला स्त्रीपार्टी नट नैसर्गिक आवाजात गात नाही. तो वरच्या पट्टीत, बनवलेल्या बारीक आवाजात गातो, आणि तो आवाज रोज वापरला तरच हाताशी राहतो. एखादा गवई दोन वर्षे मैफलीपासून दूर राहिला तर घरी रियाज करून पुन्हा उभा राहू शकतो. इथे गळा, कंबर, मनगट, डोळे असे सगळेच एकदम गंजते. त्यातून नट चाळिशी ओलांडलेला. मेइंनी थांबायचे ठरवले तेव्हा या धंद्यातली सगळ्यात नाशवंत वस्तू त्यांनी पणाला लावली होती.

एका नावावर चालणारी मंडळी

बीजिंगची मंडळी तेव्हा एका नटाच्या नावावर चाले. फलकावर नाव एकाचे. त्याच्या मागे वादक, दुय्यम नट, विदूषक, मारामारीची कामे करणारे, रंगपटात वेण्या-दागिने चढवणारे, कपडेपट सांभाळणारे, पेट्या वाहणारे. बहुतेकांचा मोबदला प्रयोगागणिक, आपल्याकडे नट नाईट घेतो तसाच. नायकाने प्रयोग केला नाही की त्या रात्री चूल थंड. मेइंच्या मंडळीचे नाव छंगह्वा. १९३८ नंतर ती मंडळी उत्तरेत परतली आणि मेइ दक्षिणेत राहिले. त्यानंतर तिच्यातल्या प्रत्येकाने आपापले पाहिले. वीरकथेत या माणसांना जागा मिळत नाही, पण हिशोबात ती धरली पाहिजेत. मोठ्या नटाने तत्त्वासाठी मौन घेतले की छोट्यांना ते सक्तीने पाळावे लागते.

मेइंच्या पाठीशी मात्र आणखी एक वर्तुळ होते. बीजिंगमध्ये त्याला गमतीने ‘मेइचा पक्ष’ म्हणत. त्यात बँकवाले, वकील, विद्वान असे लोक होते. छी रुशान हे पंडित त्यांच्यासाठी नाटके लिहीत, नृत्ये रचत, दौऱ्यांची आखणी करत. बँक ऑफ चायनाचे प्रमुखपद सांभाळलेले फंग गंगग्वांग हे मेइ पोरसवदा असल्यापासूनचे पाठीराखे. १९३० मध्ये जगभर मंदी आलेली असताना मेइ अमेरिकेला जाऊ शकले, न्यूयॉर्कमध्ये पाच आठवडे खेळ करू शकले, ते या लोकांनी पैसा उभा केला म्हणून. त्या दौऱ्यात पोमोना कॉलेज आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नटांना समाजात खालची पायरी देणाऱ्या देशात या पदवीचे वजन काय असेल याची कल्पना मराठी वाचकाला सहज येईल.

जपानशी जुनी ओळख

नकार कुणाला द्यायचा होता, हे पाहिल्याशिवाय पेच कळत नाही. जपान हा मेइंचा परदेशातला पहिला प्रेक्षक. १९१९ साली तोक्योच्या इंपिरियल थिएटरने त्यांना बोलावले आणि तिथल्या लेखक-चित्रकारांनी त्यांना डोक्यावर घेतले. १९२३ मध्ये तोक्यो-योकोहामाचा प्रलयंकारी भूकंप झाला तेव्हा मेइंनी बीजिंगमध्ये मदतीसाठी प्रयोग केले. पुढच्या वर्षी, दुरुस्त झालेल्या त्याच इंपिरियल थिएटरमध्ये ते पुन्हा गेले. (त्याच १९२४ च्या मे महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर बीजिंगला आले होते. त्यांच्यासाठी मेइंनी लो नदीच्या देवतेचा खेळ केला आणि रवींद्रनाथांनी पंख्यावर बंगाली कविता लिहून दिली.)

१९३१ च्या सप्टेंबरात जपानने ईशान्य चीनमधला मांचुरिया घेतला आणि चित्र बदलले. मेइ बिऱ्हाड हलवून शांघायला आले. नंतरच्या दोन नव्या नाटकांत त्यांनी जे म्हणायचे ते आठशे वर्षांपूर्वीच्या कथानकाआडून म्हटले. एकात जिन आक्रमकांशी लढणाऱ्या नवऱ्याच्या सैन्यासाठी रणदुंदुभी वाजवणारी ल्यांग होंगयू. दुसरे १९३६ चे ‘शंग स्स हन’, त्यात जिन सैन्याने गुलाम करून लग्न लावून दिलेले जोडपे. जिन म्हणजे कोण, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते.

१९३५ च्या रशिया दौऱ्यातली एक अट मला या साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. मॉस्कोला जायचा सोयीचा रस्ता आगगाडीचा, तो मांचुरियातून जाणारा. तिथे जपानने उभे केलेले मान्चुकोचे बाहुले सरकार होते. त्या भूमीतून जायला मेइ तयार नव्हते. शेवटी सोव्हिएत सरकारने बोट पाठवली आणि मंडळी शांघायहून समुद्रमार्गे व्लादिवोस्तोकला गेली. पुढे मॉस्कोत स्तानिस्लाव्स्की, मेयरहोल्ड, आयझेनस्टाइन या बड्या दिग्दर्शकांनी त्यांचे काम पाहिले. जर्मन नाटककार ब्रेख्तही तेव्हा तिथे होते, आणि चिनी अभिनयावरचा त्यांचा गाजलेला निबंध त्या अनुभवातून आला. नाट्यशास्त्राच्या वर्गात हा दौरा ब्रेख्तमुळे शिकवला जातो. इथे महत्त्व बोटीचे आहे. मेइंनी घोषणा दिली नाही, पत्रक काढले नाही, फक्त रस्ता बदलला. सहा-सात वर्षांनी त्यांनी जे केले त्याची पद्धत इथेच दिसते.

पहिला टप्पा : बाजूला होणे

नोव्हेंबर १९३७ मध्ये शांघाय पडले. परकीयांच्या वसाहती तेवढ्या वेढ्यात तग धरून होत्या. मेइ फ्रेंच वसाहतीत मास्ने रोडवर राहत. लवकरच निरोप आला, नभोवाणीवर काही बोला. मेइंनी सांगितले की आपण दौऱ्यावर निघालो आहोत. आणि मग खरोखरच निघाले. १९३८ च्या वसंतात हाँगकाँगच्या ली थिएटरमध्ये त्यांच्या मंडळीचे खेळ झाले. हंगाम संपला, मंडळी परतली, मेइ मागे राहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघालेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते गेले ते याच युद्धात, पण चीनच्या अगदी वेगळ्या टोकाला.

हाँगकाँगमध्ये त्यांचा दिवस कसा जाई? इंग्रजीचे धडे, चित्रे, बॅडमिंटन, बातम्या ऐकणे. गाणे होई ते दारे-खिडक्या लावून, बासरीच्या साथीवर, हलक्या आवाजात. कुन्छू ही जिंग्जूहून जुनी, संथ, बासरीप्रधान शैली. तिच्यातली पदे ते अशा वेळी गात. शेजाऱ्याला ऐकू गेले तर मेइ लानफांगांचा गळा ठीक आहे ही बातमी फुटली असती, म्हणून इतका बंदोबस्त. पण पूर्ण ताकदीने, हुछिन आणि झांजांच्या कल्लोळावर मात करणारे गाणे असे बंद खोलीत होत नाही. या टप्प्यातले नुकसान कुणाला दिसत नव्हते, कदाचित त्यांनाही नाही.

दुसरा टप्पा : सबब

डिसेंबर १९४१ नंतर आडोसा उरला नाही. जपानी लष्करी अधिकाऱ्यांनी बोलावले तेव्हा त्यांच्या ओठावर मिशी होती. हे काय, असे विचारल्यावर मेइंनी दिलेले उत्तर सर्व आठवणींत एकाच आशयाचे आहे: मी स्त्रीभूमिका करणारा नट, वय पन्नाशीला टेकले, रूप गेले, गळा गेला, आता निवृत्त होणेच बरे.

या उत्तरात देशभक्तीचा शब्द नाही. त्यामुळे त्याचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. उलट त्यातले कसब इथेच आहे. समोरच्याच्या हातात बंदूक असताना त्याला नाकारायचे, पण त्याचा अपमान झाला असे त्याला म्हणता येऊ नये. त्यासाठी मेइंनी धंद्याची भाषा वापरली. पन्नाशीच्या नटाने नायिकेच्या भूमिका सोडणे यात अस्वाभाविक काही नव्हते, जपानी अधिकाऱ्यालाही नाही. काबुकीच्या देशातून आलेल्या माणसाला स्त्रीपार्टी नटाचे वय म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती.

१९४२ च्या उन्हाळ्यात मेइ शांघायला परतले. आता फ्रेंच वसाहतीलाही अर्थ उरला नव्हता. नानजिंगमध्ये वांग जिंगवेई यांचे जपानधार्जिणे सरकार होते आणि त्यात छू मिनयी हे बडे मंत्री. जपानच्या ‘बृहत् पूर्व आशिया युद्धा’चा पहिला वाढदिवस डिसेंबरात साजरा व्हायचा होता. मेइंनी मंडळी घेऊन नानजिंग, मान्चुकोची राजधानी आणि तोक्यो असा दौरा करावा, हा प्रस्ताव घेऊन छू घरी आले. मेइंनी मिशीकडे बोट दाखवले. मिशी काय, भादरता येते, असे छू म्हणाले. यावर मेइंनी दिलेले उत्तर आजही मिटक्या मारत सांगितले जाते: तुम्ही हौसेने रंगलेल्या चेहऱ्याच्या भूमिका छान करता असे ऐकतो, तर मंडळीचे पुढारपण तुम्हीच केलेत तर बरे नाही का? चिनी रंगभूमीवर रंगलेला चेहरा बऱ्याचदा कपटी खलपुरुषाचा असतो. छू यांना गाण्याची खरोखर हौस होती, त्यामुळे टोमणा वर्मी बसला असणार. संवाद शब्दशः असाच झाला का, याची हमी कोण देणार? पण सांगणाऱ्यांना तो इतका प्रिय का, हे कळते. साऱ्या प्रकरणात मेइंनी एवढी एकच चैन केली. छू यांना युद्धानंतर, १९४६ मध्ये, देशद्रोहाबद्दल गोळी घातली गेली.

मिशीच्या सबबीला मर्यादा होती. उत्तरेकडून नवा निरोप आला, गायचे नसेल तर निदान येऊन हजेरी लावा, दोन शब्द बोला. मिशीवाला माणूस बोलू तर शकतो. तेव्हा मेइंनी ओळखीच्या डॉक्टरकडून विषमज्वराची प्रतिबंधक लस टोचून घेतली, एकदा नव्हे, एकामागून एक तीनदा. ही लस घेतली की आपल्याला फणफणून ताप येतो हे त्यांना ठाऊक होते. खातरजमा करायला आलेल्या लष्करी डॉक्टरला अंथरुणावर तापाने भाजणारा रोगी दिसला आणि दौरा रद्द झाला. लस टोचणाऱ्या डॉक्टरला हा खेळ किती धोक्याचा वाटला असेल! हृदयाने साथ सोडली असती तर जबाबदारी त्याच्यावर आली असती.

पैसा कुठून आला

उत्पन्न शून्य, घर मोठे, शांघायची महागाई रोज चढती. थिएटरवाले आगाऊ रक्कम घेऊन दारात येत, ते परत जात. बँकेतून उचल झाली, वस्तू विकल्या गेल्या, बीजिंगचे चौकाचे घर गेले. उरले चित्र. १९२० च्या सुमारास मेइ छी बायशी यांच्याकडे फुले-कीटक काढायला शिकले होते, तेव्हा हौस म्हणून. हाताची, नजरेची, रंगसंगतीची ही शिकवणी नटाला उपयोगी पडते म्हणून. आता तीच कामाला आली. रात्र-रात्र बसून ते फुले, प्लमची झाडे, बुद्धमूर्ती काढत. १९४५ च्या वसंतात त्यांनी शांघायमध्ये ये गोंगछ्वो यांच्यासोबत चित्रप्रदर्शन भरवले आणि बहुतेक चित्रे खपली.

आता इथे थोडे कठोर व्हायला हवे. ही चित्रे चित्र म्हणून किती विकली गेली आणि मेइ लानफांग या नावामुळे किती? नाव नसते तर प्लमच्या फांदीला कुणी विचारले असते का? तत्त्वनिष्ठा परवडण्यासाठीही भांडवल लागते. मेइंकडे ते तीन रूपांत होते: विकता येईल असे घर, उचल देतील असे बँकवाले मित्र, आणि कागदावर सही केली तरी पैसा होईल असे नाव. छंगह्वा मंडळीतल्या झांजवादकाकडे यांपैकी काही नव्हते. यात मेइंचा दोष नाही. पण त्यांना मापदंड ठरवून बाकीच्यांना मोजले, की अन्याय होतो. नंतर तो झालाही.

बाकीच्यांनी काय केले

चेंग यान्छ्यू हे मेइंचे शिष्य आणि पुढे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी. ते बीजिंगमध्येच होते. १९४२ मध्ये रेल्वे स्थानकावर साध्या वेशातल्या पोलिसांनी त्यांच्यावर हात टाकला. चेंग कसलेले होते, त्यांनी प्रतिकार केला, पण कानाला इजा झाली. पुढच्या वर्षी ते शहराबाहेर छिंगलोंगछ्याओ गावी जाऊन शेती करू लागले. रंगमंचावरची सर्वांत करुण नायिका चिखलात नांगर धरून उभी, हे चित्र मिशीइतके गाजले नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

चौ शिनफांग यांनी थांबायला नकार दिला. शांघायच्या कार्लटन थिएटरमध्ये, वेढलेल्या वसाहतीत, ते शत्रूने कैद केलेल्या दोन सम्राटांची कथा करत राहिले. त्यावर बंदी आली तेव्हा रंगमंचाच्या दोन बाजूंना त्यांनी फलक लावून ठेवले, ‘वन थ्यानश्यांग’ आणि ‘श्र खफा’. परकीयांपुढे न वाकता मेलेल्या दोन वीरांची ही नावे, येऊ घातलेल्या नाटकांची जाहिरात म्हणून. ती नाटके कधी आलीच नाहीत, फलक मात्र लटकत राहिले. माझ्या मते हा मार्ग मेइंच्या मौनाइतकाच मोलाचा आणि मंडळीतल्या माणसांच्या दृष्टीने जास्त दयाळू होता. चौंच्या भूमिका दाढीवाल्या म्हाताऱ्या प्रधानांच्या, त्यामुळे मिशीची सबब त्यांना मुळात उपलब्धच नव्हती!

आणि मा ल्यानल्यांग. दाढीवाल्या भूमिकांतले बीजिंगचे लाडके नट. १९४२ मध्ये ते मंडळी घेऊन मान्चुकोला गेले. आपल्या मुस्लिम समाजाच्या शाळेसाठी पैसा उभा करायला गेलो, असे त्यांचे म्हणणे. पण बाहुल्या सरकारने त्या भेटीचा उत्सव करून घेतला. युद्ध संपल्यावर त्यांच्यावर शत्रूशी हातमिळवणीचा खटला भरला गेला आणि सुटका होईपर्यंत ते कफल्लक झाले. मेइंनी १९३५ मध्ये ज्या भूमीवरून आगगाडीने जाणेही टाळले, तिथे सात वर्षांनी मा उतरले. दोघांच्या निवडीतला फरक खराच आहे. पण मांच्या मागे किती तोंडे होती, आणि जपानी अमलाखालच्या बीजिंगमध्ये नकाराला किती वाव होता, हे विचारल्याशिवाय त्यांना मेइंच्या शेजारी उभे करणे मला पटत नाही.

गळ्याचे काय झाले

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती जाहीर केली. मेइंनी मिशी काढली. ऑक्टोबरात ते लोकांपुढे आले, आणि पुढच्याच महिन्यात शांघायच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये त्यांचे ओळीने खेळ लागले. तिकिटांसाठी झुंबड उडाली. पण या खेळांच्या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट खटकते. ज्या जिंग्जूने त्यांना मेइ लानफांग केले, तो यादीत नव्हता. सगळे कुन्छूचे प्रवेश होते, ‘उद्यानातले स्वप्न’, ‘वाघाचा वध’, ‘तुटका पूल’. सोबतीला कुन्छूचे उस्ताद यू जन्फेइ.

कारण सरळ होते. हुछिन ज्या उंच पट्टीत लावून मेइ गात, तिथवर गळा पोहोचेना. कुन्छूची बासरी खालच्या पट्टीत वाजते, सूर लांब आणि मऊ असतात, आणि हाँगकाँगच्या बंद खोलीत बासरीवर तेवढेच तर टिकवून ठेवले होते. शिवाय त्यांचे सरावाचे हुछिनवादक उत्तरेत अडकलेले. जपानी अधिकाऱ्याला जी सबब दिली होती, गळा गेला, ती एवढ्या वर्षांच्या मौनात खरी झाली. थापेची किंमत इतकी तंतोतंत वसूल झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मेइ ५१ वर्षांचे होते. याच वर्षांत बाजारही पुढे गेला होता. ज्यांना ‘चार लहान स्त्रीपार्टी’ म्हणत त्या तरुणांनी जागा घेतल्या होत्या. त्यांतला ली शिफांग तर ‘छोटा मेइ लानफांग’ म्हणूनच ओळखला जाई. (तो २६ व्या वर्षी, जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात गेला.) शिवाय आता स्त्रियाच स्त्रीभूमिका करू लागल्या होत्या. शांघायमध्ये फक्त बायकांनी केलेल्या युए ऑपेराची लाट आली होती.

मेइंनी पट्टी उतरवली. यात लाज बाळगली नाही, लपवाछपवीही केली नाही. वरच्या सुरांची चमक गेली, त्या जागी गोलाई आणि भरीवपणा आला. ताना कमी, शब्द जास्त स्पष्ट. जाणकारांत आजही दोन तट आहेत. एकांना १९२०-३० च्या ध्वनिमुद्रिकांतला कोवळा, धारदार मेइ हवा असतो, दुसऱ्यांना युद्धानंतरचा. मी दुसऱ्या बाजूचा. पण हेही खरे की ४३ ते ५१ या वयातला, गळा आणि समज दोन्ही एकदम हाती असलेला मेइ कुणीच ऐकलेला नाही. त्या वर्षांच्या तबकड्या नाहीत, चित्रफिती नाहीत, प्रयोगांची परीक्षणे नाहीत.

१९४८ मध्ये दिग्दर्शक फेइ मू यांनी ‘शंग स्स हन’वर चित्रपट केला, तो चीनचा पहिला रंगीत चित्रपट. अरुंद फितीवर चित्रित करून मोठ्या फितीवर उतरवल्याने रंग फिसकटले आणि मेइंची निराशा झाली. १९५५ मध्ये त्यांच्या कलेचे मोठे चित्रीकरण झाले तेव्हा ते साठीत होते. १९५९ चे शेवटचे नवे नाटक ‘मू ग्वेयिंग सेनापती होते’: वर्षानुवर्षे शस्त्र खाली ठेवून बसलेली स्त्री उतारवयात पुन्हा चिलखत चढवते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी मेइ गेले.

त्याआधी, १९५६ मध्ये, ते जपानला पुन्हा गेले. जायला मन घेत नव्हते. पंतप्रधान चौ एन-लाय यांनी समजूत घातली की युद्ध लष्करशहांनी केले, तिथल्या सामान्य लोकांनी नव्हे. मग मोठी मंडळी घेऊन निघाले. तोक्योच्या काबुकीझा थिएटरमध्ये त्यांनी मद्यधुंद राणी केली, वय ६१. प्रेक्षकांत १९१९ आणि १९२४ चे खेळ पाहिलेले म्हातारे होते. दौऱ्यातले मदतीचे प्रयोग त्यांनी हिरोशिमाच्या बाँबग्रस्तांसाठी आणि युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी केले.